चालून दाखव म्हटलं की पोरगी झक्कास चालते

आमच्या पोरीच्या उजव्या पायाला जन्मतः क्लबफूट होता. आता ती पाचला टेकलीये, धावते, सोसायटीच्या बागेत घसरगुंडीवर उलटी चढते, सांगितल्याशिवाय कोणाला कळत पण नाही. गेल्या महिन्यात तिची चालण्याची पूर्ण तपासणी झाली, म्हणजे पाऊल कसं दिसतं ते नाही तर पाऊल काम कसं करतं ते, आणि त्याबद्दलच लिहितोय, कारण प्लास्टर आणि ब्रेसबद्दल सांगणारे बरेच भेटतात पण पोर चालायला लागल्यावर पुढे नक्की काय बघतात हे विचारायला गेलं की "चालते ना? मग झालं तर" एवढ्यावर विषय संपतो.

आधीचं थोडक्यात सांगतो. क्लबफूट म्हणजे पाऊल आत आणि खाली मुडपलेलं. हजार बाळांमागे साधारण एकाला असतो, मुलांमध्ये मुलींच्या जवळजवळ दुप्पट, आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय तसे असतात. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. आमच्याकडे मात्र लगेच सापडलं, गावाकडून बघायला आलेल्या एका आत्याबाईंनी बायकोला खाटेवरच विचारलं, ग्रहणात विळी धरली होतीस का गं. बायको म्हणाली आमच्याकडे विळीच नाहीये. विषय कट.

उपचार पोन्सेटी पद्धतीचे झाले. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटींनी १९४० च्या दशकाच्या शेवटाला ही पद्धत बसवायला घेतली, जगभर पसरायला मात्र पुढची पन्नासेक वर्षं गेली. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं थोडं सरळ करत आणायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर, अशी पाच-सहा प्लास्टरं, मग टाचेमागची जाड शीर छोट्याशा छेदाने सोडवायची, त्यावर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर, आणि मग ब्रेस, म्हणजे दांडीला जोडलेले बूट, पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्रभर. ब्रेसच्या रात्रींवर लिहायचं तर वेगळं पुराण होईल, ते सोडतो.

प्लास्टरच्या काळात दर वेळी फाइलवर पिरानी स्कोअर लिहायचे. पावलावरच्या सहा खुणा, प्रत्येकीला शून्य, अर्धा किंवा एक, म्हणजे एकूण शून्य ते सहा, आणि जितका कमी तितकं पाऊल चांगलं. मी रबाळे एमआयडीसीत क्वालिटीला आहे, दिवसभर व्हर्नियर आणि गेज घेऊन पार्ट पास-रिजेक्ट करणं हेच काम, त्यामुळे मला तो आकडा फार आवडायचा, दर आठवड्याला खाली येतोय म्हणजे गाडी रुळावर आहे. पण तो स्कोअर बाळासाठीचा. आडवं झोपलेलं, पावलावर अजून वजनच न टाकलेलं बाळ. पोर उभं राहिलं, पळायला लागलं की सगळं अंग त्याच पावलावर येतं आणि तिथे त्या सहा खुणांचा फारसा उपयोग राहत नाही. मधल्या काळात आम्ही जिथे फॉलोअपला जायचो तिथे तरीही तसंच चालायचं, पोरीला टेबलावर झोपवा, पाऊल वर ढकला, "छान आहे, ब्रेस चालू ठेवा", पुढचा पेशंट. दोन मिनिटांत बाहेर. तिला चालताना कोणी बघितलंच नाही, आणि केबिन एवढी छोटी की बघायचं म्हटलं तरी चार पावलांत भिंत.

शंका बायकोला आली, बुटांवरून. शाळेचे काळे बूट, दोन्ही एकाच दिवशी घेतलेले, डाव्याची टाच मागून नेहमीसारखी झिजलेली आणि उजव्याची टाच जवळजवळ कोरी, पण बाहेरची कड करंगळीच्या बाजूने पार गुळगुळीत. मग पायाला हात लावून बघितलं तर तिथेच, बाहेरच्या कडेला, कातडी जाड आणि खरखरीत झालेली. त्यानंतर आंघोळ करून ओल्या पायांनी बाहेर आली की मी लादीवरचे ठसे बघायला लागलो. डाव्याचा ठसा पुस्तकातल्यासारखा, टाच, मधे बारीक पट्टी, चवडा, पाच बोटं. उजव्याला बाहेरच्या बाजूने जाडसर पट्टा आणि अंगठ्याचा ठिपका कधी असायचा कधी नसायचा.

आता गंमत अशी की तिला समोर उभं करून "बाळा, जरा चालून दाखव" म्हटलं की ती झक्कास चालायची. टाच आधी, पाऊल सरळ, मान ताठ, एकदम परेड. लहानपणापासून इतके लोक तिच्या पायाकडे बघत आलेत की तिला बरोब्बर कळतं काय दाखवायचं ते. आणि संध्याकाळी दमून आली की तीच पोरगी उजवं पाऊल आत फिरवून बाहेरच्या कडेवर टाकत चालायची. ठाणे स्टेशनचा तो नऊ-दहा नंबरकडे उतरणारा जिना आहे ना, तिथे तर स्पष्ट दिसायचं, उतरताना प्रत्येक पायरीवर आधी डावा, मग उजवा त्याच्याच बाजूला, आणि हात कठड्याला. मी तिच्या मागे राहून मोबाइलवर व्हिडिओ काढला, गर्दीत दोन शिव्या खाल्ल्या पण काढला.

तो व्हिडिओ घेऊन आम्ही ठाण्यातल्या एका लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी बघून लगेच फिजिओकडे पूर्ण तपासणीची चिठ्ठी दिली. सांगितलं की मुलीला पूर्ण झोप झालेली आणि जेवलेली आणा, हाफ पँट घाला, आणि वापरातले जुने बूट आणा, नवे नको. जुने बूट मागणारा डॉक्टर बघून मला बरं वाटलं, आमच्या कंपनीत पण कस्टमर कंप्लेंट आली की पहिलं वापरलेला पार्टच मागवतो.

त्या दिवशी पॅसेजमध्ये नंबरची वाट बघत बसलो होतो, पोरगी तिथल्या एका मुलासोबत रबरी बॉल घेऊन धिंगाणा घालत होती, मी दोनदा ओरडलो पण. टेबलापाशी एक मॅडम काहीतरी लिहीत बसलेल्या. आत बोलावल्यावर कळलं की फिजिओ मॅडम त्याच, आणि कागदाचं अर्धं पान त्यांनी बाहेरच भरलेलं. म्हणाल्या, "बाबा, आत आल्यावर मुलं चांगलंच चालतात हो, मला चांगलं नकोय, नेहमीचं हवंय." तिथेच मला बाई पटली.

आत आधी मोजमापं. उभं करून मागून बघितलं, टाचेची रेघ पोटरीच्या रेघेत येते का, की टाच आत कलतेय. पोटरीचा घेर टेपने, दोन्ही पायांचा, उजवी पोटरी डावीपेक्षा दीडेक सेंटीमीटर बारीक. हे आयुष्यभर राहणार, क्लबफूटच्या पायाची पोटरी बारीक आणि पाऊल थोडं छोटं राहतंच, पाय कितीही छान सुधारला तरी, आणि तो उपचारांचा दोष नाही हे मॅडमनी न विचारता सांगितलं. (बूट घेताना हीच भानगड होते, दुकानदार दोन मापांचा जोड कुठून देणार, मोठ्या पायाचं माप घ्यायचं आणि दुसऱ्यात पुढे सोल कापून घालायचं.) पायांची लांबी पण मोजली.

मग टेबलावर घोट्याची हालचाल. गोनिओमीटर म्हणजे आपल्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या लावल्यासारखं असतं. पाऊल वर किती येतं ते आधी गुडघा वाकवून आणि मग गुडघा सरळ ठेवून मोजलं. मी विचारलं दोनदा का, तर पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो, गुडघा सरळ केला की तो ताणला जातो, त्यामुळे खरी घट्टपणाची परीक्षा सरळ गुडघ्यातच होते, आणि चालताना पाय मागे जातो तेव्हा गुडघा सरळच असतो. चालायला साधारण १० अंश तरी पाऊल वर यायला लागतं. तिचं सरळ गुडघ्यात त्याच्या थोडंसं वर होतं, डाव्याचं त्याहून बरंच जास्त. मॅडमनी प्रत्येक माप पुन्हा पुन्हा घेतलं. मी क्वालिटीवाला, राहवलं नाही, विचारलं की तुमच्या मापात फरक किती पडतो, तर सरळ म्हणाल्या पाचेक अंश इकडेतिकडे धरून चाला, वेगळ्या माणसाने घेतलं तर तेवढं होतंच, म्हणून एका दिवसाच्या एका आकड्यावर आम्ही काही ठरवत नाही, घसरत चाललाय का ते बघतो. आणि पाऊल हाताने फिरवल्यावर पूर्ण बाहेर येत होतं, म्हणजे ते आखडलेलं नव्हतं, हे त्यांनी वेगळं अधोरेखित करून लिहिलं. त्याचं महत्त्व मला नंतर कळलं.

यानंतरचा भाग पोरीला आवडला कारण सगळा खेळच होता. चवड्यावर चाल, टाचांवर चाल, एका पायावर उभी राहा, लंगडी घाल, उकिडवी बस, पळ, जिना चढ-उतर. चवड्यावर उत्तम. टाचांवर चालताना उजवं पाऊल वर यायचं पण आत वळून, अंगठ्याची बाजू वर आणि करंगळीची खाली. डाव्या पायावर लंगडी मस्त, उजव्यावर दोन उड्या मारून भिंत धरली. उकिडवं बसण्यावर मॅडमनी फार वेळ घालवला. बाहेरच्या देशांत बनवलेल्या तक्त्यांमध्ये यावर तेवढा भर नसतो म्हणे, पण आपल्याकडे मोरीत, गावच्या संडासात, अंगणवाडीत, सगळीकडे उकिडवंच बसायचंय, आणि टाचा टेकवून बसता आलं म्हणजे घोटा, पोटरी सगळं एकत्र तपासलं जातं. ती बसली, टाचा टेकल्या, पण वजन डावीकडे टाकून. मागून बघितल्यावर कळत होतं, पुढून बिलकुल नाही. घरी ती रोज तशीच बसते आणि आम्ही रोज पुढूनच बघत होतो, मागून बघण्याचं कारणच काय असतं म्हणा.

मग चालणं. लांब पॅसेज, अनवाणी, मोबाइल स्टँडवर लावून पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी व्हिडिओ, नंतर बूट घालून परत तसंच. पहिल्या काही फेऱ्या अर्थातच परेड. मॅडमनी त्या काढल्या, बाजूला ठेवल्या आणि मग डोकं लावलं. तिच्या हातात एक ताटली दिली, त्यात प्लास्टिकचे बॉल ठेवले आणि म्हणाल्या हे न सांडता त्या काकांना नेऊन दे, आणि जाताना शाळेतली कविता म्हण. झालं, पोरीचं लक्ष गेलं ताटलीत आणि कवितेत, आणि पाय जे करायचं ते करायला लागले. तिसऱ्या-चौथ्या पावलापासून उजवं पाऊल हवेत असतानाच आत फिरायला लागलं.

ते व्हिडिओ स्लो करून त्यांनी आम्हा दोघांना दाखवले, आणि खरं सांगतो, इतकी वर्षं रोज बघत असलेलं चालणं मी तेव्हा पहिल्यांदा तुकड्या-तुकड्यांत बघितलं. एका पायाचं एक पूर्ण चक्र धरलं तर साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर आणि ४० टक्के हवेत. डावा पाय, टाच टेकते, मग अख्खं पाऊल, नडगी पावलावरून पुढे सरकते, टाच उचलते, शेवटी अंगठ्याने ढकलून निघतो. उजवा पाय, हवेत वर येताना तळवा आतल्या बाजूला दिसायला लागतो, मग जमिनीवर पहिली टेकते ती टाच नाहीच, बाहेरची कड, नंतर पाऊल सपाट होतं, आणि निघताना अंगठ्याचा जोर अर्धवट. बुटाची झीज, जाड कातडी, लादीवरचा ठसा, सगळ्याचा हिशोब त्या दोन सेकंदांत लागला. बायको म्हणाली परत लावा. परत लावलं.

शेवटी दाब मोजणाऱ्या पट्टीवरून चालवलं, सेन्सरवाली मॅट असते, चाललं की संगणकावर पावलाचा रंगीत नकाशा येतो, जास्त दाब तिथे लाल, कमी तिथे निळा. डाव्याला टाच आणि चवडा लाल, उजव्याला बाहेरची कड लाल आणि अंगठा निळा. पोरीने विचारलं माझा निळा का, निळा कोणाला आवडतो. मॅडम म्हणाल्या या पट्टीशिवाय पण एवढं कळलंच होतं, पण पुढच्या वेळी तुलना करायला कागद हातात असलेला बरा. मार्कर लावून कॅमेऱ्यांनी करतात ती मोठी गेट लॅबची, म्हणजे चालणं मोजणाऱ्या लॅबची, तपासणी आत्ता नको म्हणाल्या, ऑपरेशनचं ठरायची वेळ आली आणि शंका राहिली तर बघू. महागडी तपासणी नको म्हणणारे लोक अजून शिल्लक आहेत.

त्यानंतर प्रश्न. दुखतं का, खेळताना मागे पडते का, मुलं चिडवतात का, हवे ते बूट घालता येतात का. ऑक्सफर्डची एक प्रश्नावली आहे, घोटा आणि पावलासाठीची, १५ प्रश्नांची, ५ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी, त्यात मूल वेगळी उत्तरं देतं आणि पालक वेगळी. आमची नुकती त्या वयाला येतेय म्हणून अंदाज घेण्यापुरती विचारली. दुखतं का याला आम्ही नाही म्हटलं आणि पोरगी म्हणाली, "शाळेत पीटीला दुखतं." घरी कधी बोलली नव्हती. का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणे पीटी आवडते मला, तुम्ही बंद केली असती.

आणि एक साधा प्रश्न होता, पाय आत्ता जसा आहे त्यावर तुम्ही समाधानी आहात का. मी हो म्हटलं, बायकोने नाही म्हटलं, एकाच वेळी. मॅडमनी दोन्ही लिहून घेतलं, वाद मिटवत बसल्या नाहीत. परत येताना ट्रेनमध्ये आमचं यावरून ऐरोली येईपर्यंत चाललं. माझं म्हणणं जन्माला आली तेव्हाचा पाय आठव. तिचं म्हणणं मी तो पाय विसरले, मला आत्ताची पोरगी दिसते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी सगळे कागद आणि व्हिडिओ एकत्र बघितले. नडगीच्या पुढच्या बाजूला एक स्नायू असतो, टिबिअॅलिस अँटिरिअर, पाऊल वर उचलायचं काम त्याचं, पण तो आतल्या बाजूला जोडलेला असल्यामुळे उचलता उचलता आत पण फिरवतो. बाहेरच्या बाजूचे स्नायू कमी पडले की त्याचं राज्य चालतं. यात पाऊल आखडलेलं नसतं, हाताने सरळ होतं, म्हणूनच टेबलावर "छान आहे" वाटतं आणि चालताना आत वळतं. पोन्सेटीने सुधारलेल्या पायांत हे बऱ्यापैकी दिसतं. उपाय म्हणजे त्या स्नायूची शीर आतल्या बाजूकडून काढून पावलाच्या मधोमध, बाहेरच्या बाजूच्या क्यूनिफॉर्म हाडावर बसवायची, म्हणजे पाऊल सरळ वर येतं. त्यासाठी ते हाड नुसतं कूर्चेचं, म्हणजे मऊ, राहून चालत नाही, एक्स-रेत पुरेसं दिसायला लागतं, म्हणून साधारण तीन ते पाच वर्षांच्या आसपास किंवा त्यानंतर करतात. घोटा घट्ट असेल तर तो आधी सोडवावा लागतो. नंतर सहा आठवडे प्लास्टर.

बायकोने विचारलं की नाही केलं तर. त्यांनी घाबरवलं नाही पण गोल पण फिरवलं नाही. म्हणाले कडेवर चालत राहिली तर हाडं तशीच वाढतील आणि आत्ता जे हाताने सरळ होतंय ते आखडत जाईल, मग मोठं ऑपरेशन लागतं. आणि पाय दिसायला शंभर टक्के डाव्यासारखा कधीच होणार नाही, ते ध्येय ठेवू नका. आयोवातल्याच जुन्या पेशंटचा ३० वर्षांनंतरचा अभ्यास १९९५ साली छापून आला होता, तो मी घरी येऊन शोधला. त्यात ७८ टक्के लोकांचे पाय चांगले किंवा उत्तम ठरले आणि ज्यांना क्लबफूट नव्हताच अशा लोकांत तो आकडा होता ८५ टक्के. निकष कोणते, तर दुखणं आणि रोजचं काम. म्हणजे ज्यांचे पाय जन्मापासून धडधाकट त्यांच्यातले पण १५ टक्के तक्रारवाले निघाले, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

सध्या ठरलंय असं की ब्रेस रात्रीचा चालूच, पोटरीचं स्ट्रेचिंग सकाळ-संध्याकाळ, टाचांवर चालायचा खेळ बाबासोबत, आणि काही महिन्यांनी हीच तपासणी परत, त्याच मॅडमकडे. त्यांनी व्हिडिओ कसा काढायचा ते पण शिकवलं, मोबाइल जमिनीपासून तिच्या गुडघ्याच्या उंचीवर धरायचा, मागून आणि बाजूने, अनवाणी, दिवसाच्या शेवटी दमलेली असताना, आणि तिला न सांगता. शेवटची अट सगळ्यात अवघड, पोरगी मोबाइल दिसला की परेड सुरू करते. आता मी मोबाइल कुंडीला टेकवून ठेवतो आणि तिला दूध आणायला खाली पिटाळतो.

आमच्या कंपनीत हाउसकीपिंगला एक जण आहे, त्याच्या तान्ह्या मुलाचे दोन्ही पाय तसेच आहेत, त्याने विचारलं साहेब खर्च किती. त्याला सांगितलं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून क्लबफूट धरलेला आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, सरकारी दवाखान्यात आधी चौकशी कर, पैसे भरून सुरुवात करू नकोस. आणि पोर चालायला लागलं की टेबलावर बघून सोडलं तर सोडू नकोस, चालताना बघा म्हणून अडून बस.

ऑपरेशन करायचं की नाही हे पुढच्या तपासणीवर आहे. माझा कल करण्याकडे झालाय, बायकोचा पहिल्या व्हिडिओपासूनच होता. तारखेवरून तर आमचं एकमत आहेच, जून-जुलै अजिबात नाही. नवी मुंबईच्या पावसात सहा आठवडे पायाला प्लास्टर, रिक्षात चढताना पाणी, आणि प्लास्टर भिजलं की परत दवाखाना, ते प्लास्टरच्या वयात एकदा करून झालंय. दिवाळीच्या सुट्टीला लागून मिळाली तर बघा असं डॉक्टरांना सांगून ठेवलंय, आणि पोरीने स्वतः सांगून ठेवलंय की शाळेचा स्पोर्ट्स डे झाल्यावर.